हिरोशिमा स्थानक

जपानच्या पश्चिम भागातील हिरोशिमा शहराचे मुख्य रेल्वे स्थानक. मालकी जेआर वेस्ट कंपनीची. शिनकान्सेन (बुलेट ट्रेन), चार साध्या रेल्वेमार्गांच्या गाड्या, शहरातील ट्राम आणि बस येथे एकत्र येतात. हे स्थानक शहराच्या गजबजलेल्या मध्यभागात नाही. कामियाचो आणि हाच्चोबोरी या बाजारपेठा येथून नैर्ऋत्येला आहेत. गाडीतून उतरलेला प्रवासी तेथवर कसा पोचवायचा, हा प्रश्न या स्थानकाला सुरुवातीपासून आहे आणि त्याचे मुख्य उत्तर ट्रामने दिले.

सान्यो रेल्वे या खासगी कंपनीचा मार्ग १० जून १८९४ रोजी येथवर पोचला. त्याच उन्हाळ्यात चीनशी युद्ध पेटले. रेल्वे त्या वेळी येथेच संपत असल्याने सैन्य याच स्थानकात उतरू लागले. त्याला उजिना बंदरावर नेण्यासाठी ऑगस्टमध्ये सुमारे सहा किलोमीटरचा फाटा अवघ्या १७ दिवसांत टाकला गेला. १९०६ मध्ये सान्यो रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. उजिना मार्गावरील प्रवासी वाहतूक १९७२ मध्ये थांबली.

६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबस्फोटाच्या केंद्रापासून स्थानक सुमारे दोन किलोमीटरवर होते. १९२२ ची काँक्रीटची इमारत आतून जळाली, तिचा सांगाडा तेवढा उभा राहिला. तरीही दोन दिवसांत सान्यो मार्गावर गाड्या पुन्हा धावू लागल्या, आणि ९ ऑगस्टला शहराच्या पश्चिमेकडील एका छोट्या टप्प्यावर ट्रामही सुरू झाली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे त्या काळी ट्राम चालवणाऱ्यांत ट्राम कंपनीच्याच शाळेतील किशोरवयीन मुली होत्या. उद्ध्वस्त शहर पुन्हा हलू लागले त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे आणि स्थानकाच्या इतिहासात तो ठळकपणे सांगितला गेला पाहिजे. बाँबस्फोटातून वाचलेल्या ६५० क्रमांकाच्या मालिकेतील काही डबे आजही शहरात धावतात.

१० मार्च १९७५ रोजी शिनकान्सेन आली. ‘नोझोमी’ गाडीने तोक्यो सुमारे चार तासांवर आणि हाकाता तासाभरावर आहे. साध्या मार्गांपैकी सान्यो हा मुख्य. कुरे मार्गाच्या गाड्या किनाऱ्याने पूर्वेकडे आणि गेइबी मार्गाच्या डोंगराळ अंतर्भागात जातात. काबे मार्ग शेजारच्या योकोगावापासून सुरू होतो, पण त्याच्या गाड्या येथूनच सुटतात. २००३ मध्ये बंद पडलेल्या या मार्गाच्या १.६ किलोमीटरच्या तुकड्यावर २०१७ मध्ये पुन्हा गाड्या सुरू झाल्या. जपानमध्ये रूळ बंद होण्याच्या बातम्या नित्याच्या आहेत, हे उदाहरण उलटे आहे.

हिरोदेन कंपनीचे ट्रामचे जाळे जपानमध्ये सर्वांत मोठे मानले जाते. १९१२ पासून ते चालू आहे. इतर शहरांनी ट्राम मोडीत काढल्या तेव्हा हिरोशिमाने त्यांचे डबे विकत घेतले. क्योतोहून आलेल्या डब्यांना त्या शहरातील स्थळांची नावे आहेत. मार्ग क्रमांक २ अणुबाँब घुमटावरून मियाजिमागुचीला जातो, क्रमांक १ आणि ५ हिरोशिमा बंदराला, तर ६ एबाला. मियाजिमागुचीला जाण्यासाठी सान्यो मार्गाची गाडीही आहे. ती साधारण अर्ध्या तासात पोचवते, ट्रामला याहून बराच वेळ लागतो. पुढे बोटीने दहा मिनिटांत मियाजिमा बेट येते. हिरोशिमा बंदरावरून शिकोकूतील मात्सुयामाला जाणाऱ्या बोटीही मिळतात.

पूर्वी ट्राम दक्षिणेकडील चौकात थांबत आणि पूर्वेकडून वळसा घालून बाजारपेठेकडे जात. नवी इमारत २४ मार्च २०२५ रोजी खुली झाली. तिच्यातील ‘मिनामोआ’ या व्यापारी संकुलात दुकाने, चित्रपटगृह आणि हॉटेल आहे. ३ ऑगस्ट २०२५ पासून ट्राम पूल ओलांडून उंच मार्गाने थेट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिरते. रेल्वेचे तिकीट-दरवाजेही त्याच मजल्यावर असल्याने सामान घेऊन जिने उतरावे लागत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या वाहनाला स्थानकात मिळालेली ही जागा जपानच्या अलीकडच्या शहररचनेतील उत्तम निर्णयांपैकी एक आहे.

बेसबॉल सामन्यांच्या दिवशी लाल सदऱ्यांतील ‘कार्प’ संघाचे चाहते पूर्वेकडील मैदानाकडे पायीच निघतात, ते सुमारे दहा मिनिटांवर आहे. विमानतळ मात्र १९९३ पासून दूर, आता मिहारा शहराच्या हद्दीत असलेल्या जागी आहे आणि तेथे रेल्वे जात नाही. शिनकान्सेनच्या बाजूने सुटणारी बस पाऊण तासाच्या आसपास घेते. १९९४ ची आस्त्राम ही रबरी चाकांची रेल्वेही स्थानकापर्यंत येत नाही. तिच्यासाठी जेआरने एक स्थानक पश्चिमेला, २०१५ मध्ये उघडलेल्या शिन-हाकुशिमाला उतरून गाडी बदलावी लागते.