गुप्त मोहीम, तुटलेली तुकडी आणि पुराव्याचा प्रश्न

लष्करी विज्ञानकथेत एक कथाबीज वारंवार आढळते. एक लहान तुकडी गुप्त कामगिरीवर शत्रूच्या प्रदेशात पाठविली जाते, मागचा संपर्क तुटतो, आणि पाठविणाऱ्यांना या माणसांची जबाबदारी उघडपणे स्वीकारता येत नाही. ग्रह परका असो वा देश, या कथेतला खरा पेच यंत्रांत किंवा शत्रूच्या रूपात नसतो. तो पाठविणारा आणि पाठविलेला यांच्या नात्यात असतो.

हे कथाबीज विज्ञानयुगाचे अपत्य नव्हे. इ. स. पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसने ग्रीक भाडोत्री सैनिकांना मोहिमेचा खरा हेतू न सांगता इराणी साम्राज्याच्या अंतर्भागात नेले. कुनाक्साच्या लढाईत तो पडला आणि सुमारे दहा हजार माणसे परमुलखात निराधार झाली. त्यांच्या परतीचा वृत्तांत त्यांच्यातल्याच झेनोफनने लिहिला. व्हिएतनाममध्ये लढलेल्या जो हाल्डेमनची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही कादंबरी १९७४ मध्ये आली. तिच्यात सापेक्षतेच्या नियमामुळे सैनिकाची मोजकी वर्षे म्हणजे पृथ्वीवरची शतके ठरतात, आणि परतलेल्याला ओळखणारे जग शिल्लक राहत नाही. दोन्ही लेखक स्वतः सैनिक होते, ही बाब लक्षणीय आहे. आपण गेलो होतो आणि परतलो, हे सांगण्याची निकड दोघांनाही होती.

मराठी विज्ञानकथेत हा सैनिक ठळकपणे का उभा राहिला नाही, याचे उत्तर तिच्या जडणघडणीत शोधावे लागते. आधुनिक मराठी विज्ञानकथेला बळ मिळाले ते प्रामुख्याने विज्ञानप्रसाराच्या चळवळीतून. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, हे सर्वश्रुत आहे. अशा परंपरेचा नायक स्वाभाविकपणेच शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक झाला. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत युद्ध आहे, परमुलखात अडकणेही आहे; परंतु अडकतो तो इतिहासाचा प्राध्यापक. विश्वासराव वाचलेल्या एका पर्यायी जगातून तो परततो, तेव्हा त्याच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान असते. त्या पानामुळे त्याचे म्हणणे विचारार्ह ठरते. ज्ञानाची प्रतिष्ठा असलेल्या माणसाच्या हाती पुरावाही असावा, हे त्या कथाविश्वाशी सुसंगतच आहे.

ज्यांच्या हाती असे पान नव्हते, त्यांचा इतिहास मात्र आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या परिसरातच घडला. हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे एक ठाणे होते. या फौजेवर इंग्रजांची हुकमत होती, आणि खर्चाचा भार निजामावर होता. तो खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे सोपविला गेला. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाली. परंतु तिच्यासाठी पडलेली फाळणी टिकली. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड आणि दक्षिणेस निजामाचे राज्य राहिले. एका लष्करी हिशेबातून निर्माण झालेली ही सीमा १९४७ नंतर निराळ्याच कामी आली.

भारत स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थान सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडे भारतीय हद्दीत छावण्या उभारल्या. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांपैकी एक. तेथून तुकड्या रात्री निजामाच्या हद्दीत शिरत, नाक्यांवर आणि रझाकारांच्या ठाण्यांवर हल्ले करून परतत. करार अस्तित्वात असल्यामुळे भारत सरकारला त्यांचे पितृत्व उघडपणे घेता येत नव्हते, आणि निजामाच्या दृष्टीने ते गुन्हेगार होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी संस्थानाचा प्रश्न निकालात काढला. त्यानंतर विजयाच्या औपचारिक वृत्तांतात गणवेशधारी सैन्याला साहजिकच अग्रस्थान मिळाले.

जे लढताना पडले त्यांची नावे राहिली. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाने धारण केले आहे. खरा पेच जिवंत राहिलेल्यांचा होता. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, आणि १९८० मध्ये ती विस्तारली. भूमिगत राहिलेल्यांकडून तिने पुरावा मागितला: फरारी घोषित केल्याचा हुकूम, डोक्यावर लावलेले इनाम, अटकेचा आदेश. असा कागद नसल्यास तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचे प्रमाणपत्र लागे. शासनाची अडचण खरी होती, कारण खोटे दावेही होत असतात. परंतु यातला विरोधाभास विसरता येत नाही. जो गुप्ततेत जितका यशस्वी, त्याच्यामागे कागद तितका कमी. कामगिरीची जी कसोटी होती, तीच मान्यतेची अडचण ठरली.

लष्करी विज्ञानकथेचे कथाबीज येथे इतिहासाच्या रूपात पुरते साकार झालेले दिसते. त्याची नोंद घेतली ती आठवणींनी आणि इतिहासलेखनाने. अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ या दृष्टीने पायाभूत आहे. वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा विचार केला आणि ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मध्ये या लढ्याचाही. वाङ्मयविचार आणि हा इतिहास एकाच लेखणीखाली आले. विज्ञानकथेने मात्र या इतिहासाकडे आपले द्रव्य म्हणून पाहिले नाही.

पाहिले असते तर तिला केवळ नवे प्रसंग मिळाले असते असे नव्हे, तिचा ज्ञानविषयक दृष्टिकोनच बदलला असता. पुरावा असेल तरच सत्य, ही विज्ञानाची शिस्त आहे आणि मराठी विज्ञानकथेने ती निष्ठेने पाळली. गुप्त मोहिमेवरचा सैनिक त्या शिस्तीसमोर एक अवघड प्रश्न ठेवतो: पुरावा मागे राहू नये अशीच ज्याला आज्ञा होती, त्याचे सत्य कोणत्या रीतीने सिद्ध व्हावे? शास्त्रज्ञ नायकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. सीमेवरच्या छावण्यांतून गेलेल्यांना तो उतारवयात, कचेरीच्या खिडकीपाशी पडला. साहित्याला प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नसतो. परंतु ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा अनुभव विश्वसनीय करून दाखविणे हे कथेचे जुनेच कार्य आहे, आणि ते मराठी विज्ञानकथेपुढे अद्याप उभे आहे.