गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण

गुन्हा घडला की समाज प्रथम विचारतो, तो कोणी केला? या प्रश्नाचे उत्तर पोलीस तपास आणि प्रयोगशाळा शोधतात. तो का घडला, गुन्हेगाराचे पुढे काय करावे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला काय मिळाले, हे प्रश्न मात्र मागे राहतात. त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी विद्याशाखा म्हणजे क्रिमिनॉलॉजी अर्थात गुन्हेगारीशास्त्र. दूरचित्रवाणीवरील मालिका पाहून या विषयाकडे वळणारे अनेक पदवीधर हा भेद लक्षात घेत नाहीत. बोटांचे ठसे आणि रक्ताचे नमुने तपासायला मिळतील या अपेक्षेने ते येतात आणि तुरुंग, बालगृहे, न्यायालये व कायद्याचे ग्रंथ समोर आल्यावर गोंधळतात. आयुष्यातील दोन वर्षे अशी वाया जाऊ नयेत म्हणून प्रवेशापूर्वीच विषयाची नीट ओळख करून घ्यायला हवी.

दोन वेगळ्या वाटा

ठसे, रक्त, विष, हस्ताक्षर, संगणकीय पुरावे यांचा अभ्यास न्यायसहायक विज्ञानात म्हणजे फॉरेन्सिक सायन्समध्ये होतो. त्यासाठी साधारणपणे विज्ञान शाखेची पदवी लागते. मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असल्याने या क्षेत्राची गरज वाढली आहे.

गुन्हेगारीशास्त्र ही मूलतः सामाजिक शास्त्राची शाखा आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि समाजकार्य हे तिचे चार आधार. देशात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण जुने आहे. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. मद्रास विद्यापीठात आणि आपल्या सीमेलगतच्या धारवाड येथील कर्नाटक विद्यापीठातही या विषयाचे पदव्युत्तर विभाग आहेत. २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातही गुन्हेगारीशास्त्र शिकविले जाते. कायद्याच्या पदवीधरांना फौजदारी कायद्यातील एलएल.एम. हा आणखी एक मार्ग उपलब्ध आहे.

खाडीपलीकडची संस्था

नवी मुंबईतील शिरवणे गावातील विद्यार्थ्याला मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही. जुईनगर स्थानकावरून हार्बर मार्गाची गाडी पकडावी. सानपाडा, वाशी, खाडीपूल, मानखुर्द आणि मग गोवंडी. तेथून जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय म्हणून तिची सुरुवात झाली. १९५४ मध्ये ती देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे गुन्हेगारीशास्त्र समाजकार्याच्या अंगाने शिकविले जाते. कोणत्याही शाखेचा पदवीधर एम.ए.साठी अर्ज करू शकतो. प्रवेशासाठी अलीकडे सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेचे गुण विचारात घेतले जातात. परीक्षेचे वेळापत्रक व जागांचा तपशील दरवर्षीच्या माहितीपत्रकातून पाहून घ्यावा.

अभ्यासाचा आवाका

इटलीच्या बेकारिया यांनी १७६४ मध्ये क्रूर शिक्षांविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथापासून या शास्त्राची सुरुवात मानली जाते. पुढे १८७६ मध्ये लोंब्रोसो यांनी गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो असा सिद्धान्त मांडला. तो शास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, पण असा समज किती घातक ठरतो हे आपल्याकडे दिसले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशयाची नजर मात्र पुरती हटलेली नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने हा इतिहास परीक्षेपुरता वाचून भागत नाही.

शिकागोच्या शॉ व मॅके या अभ्यासकांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की शहराच्या काही भागांत राहणारी माणसे बदलली तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहते. याचा अर्थ, कारण माणसांच्या वंशात नसून वस्तीच्या परिस्थितीत शोधावे लागते. एकीकडे जुने गावठाण, दुसरीकडे सिडकोने आखलेले विभाग आणि महामार्गापलीकडे कारखान्यांचा पट्टा, अशा परिसरात वाढलेल्या तरुणाला हा सिद्धान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सदरलँड यांनी १९३९ मध्ये मांडलेली पांढरपेशा गुन्हेगारीची संकल्पना, दंडशास्त्र, पीडितांचा अभ्यास, बालन्याय, संशोधन पद्धती आणि फौजदारी कायदे हे अभ्यासक्रमाचे इतर प्रमुख भाग होत.

क्षेत्रकार्य हाच कणा

समाजकार्याच्या अंगाने शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. हार्बर मार्गावरच त्याची ठिकाणे आहेत. एका टोकाला डोंगरीतील जुन्या तुरुंगाच्या वास्तूतील बालगृह, मध्ये मानखुर्दच्या बालसंस्था आणि दुसऱ्या दिशेला खारघरजवळचे तळोजा मध्यवर्ती कारागृह. टाटा संस्थेच्या गुन्हेगारीशास्त्र विभागातून १९९० मध्ये सुरू झालेला 'प्रयास' हा प्रकल्प तुरुंगातील व तुरुंगातून सुटलेल्या स्त्री-पुरुषांना कायदेशीर मदत मिळवून देणे आणि त्यांचे पुनर्वसन करणे हे काम करीत आला आहे.

या कामाची गरज आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्राच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला माणूस विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतो, तेव्हा पुस्तकातला 'बंदी' हा शब्द त्याच्यासाठी बदलून जातो.

संधी आणि वास्तव

हा अभ्यास पूर्ण केल्यावर महिला व बालविकास विभागाकडील परिवीक्षा अधिकारी व संरक्षण अधिकारी ही पदे, जिल्हा बालसंरक्षण यंत्रणा, स्वयंसेवी संस्था, विधिसेवा प्राधिकरणांचे उपक्रम आणि संशोधन संस्था अशी क्षेत्रे खुली होतात. शासकीय पदांसाठी त्या त्या वेळच्या जाहिरातीतील अटी पाहाव्यात. अध्यापनाची इच्छा असणाऱ्यांसाठी यूजीसीच्या नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. मात्र बरीच कामे कंत्राटी किंवा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात, ही बाब विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही आधीच लक्षात घ्यावी. झटपट मोठ्या वेतनाची अपेक्षा असेल तर हे क्षेत्र निराश करील.

कामाची जबाबदारी मात्र मोठी असते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याच्याविषयीचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. घर, शाळा, सोबती, व्यसन, रोजगार यांची खरी माहिती त्या काही पानांत आली की नाही, यावर एखाद्या मुलाचे पुढचे आयुष्य अवलंबून असू शकते. भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही नवी शिक्षा आणली आहे. ती कागदावर न राहता अर्थपूर्ण व्हायची असेल तर तिच्यामागेही प्रशिक्षित माणसे लागतील.

अर्ज भरण्यापूर्वी

इच्छुकांनी एक दिवस बेलापूरच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. फौजदारी खटल्यांची सुनावणी सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयात चालते. पोलिसांबरोबर येणारे आरोपी, दाराबाहेर ताटकळणारे नातेवाईक आणि पुढची तारीख घेऊन परतणारे फिर्यादी नीट पाहावेत. घरी परतताना त्यांच्याविषयीचे प्रश्न मनात घोळत राहिले, तर हा विषय आपला आहे असे समजून तयारीला लागावे.