लाल बावटा कलापथक

शाहीर म्हटला की फेटा बांधलेला, डफ घेतलेला एकच पुरुष डोळ्यांपुढे येतो. परंतु पोवाडा एकट्याने उभा राहत नाही. त्यास ढोलकी लागते, तुणतुणे लागते, आणि पाठीमागे झील धरणारे गळे लागतात. लाल बावटा कलापथकाचा इतिहास ऐकताना एवढे ध्यानी असावे.

हे पथक १९४४ साली मुंबईत स्थापन झाले. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईस आलेले, अमर शेख बार्शीचे, गिरणीकामगारांच्या लढ्यात तुरुंग पाहिलेले, तिसरे द. ना. गव्हाणकर. श्रोते बहुधा गिरण्यांतील मजूर असत. देशावरून व कोकणातून आलेल्या या मंडळींस तमाशाचा बाज ठाऊक होता. म्हणून पथकाने तोच पत्करला. मात्र गणात गणपतीऐवजी मातृभूमीस, शिवरायांस व हुतात्म्यांस वंदन होऊ लागले आणि गौळण गळाली. साचा जुना राहिला, आशय कामकऱ्यांच्या संसाराचा झाला.

सत्तेस हे रुचले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या खेळांवर बंदी घातली. तमाशास ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होण्यास त्या काळचा हा निर्बंध पुष्कळ अंशी कारण झाला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी गावोगाव सभा जागविल्या. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ निवर्तले. पुरते दीड महिनेही लोटले नाहीत, तोच २९ ऑगस्टला अमर शेख मोटार-अपघातात गेले.

आज या दोघांची नावे सर्वतोमुखी आहेत. गव्हाणकरांचे नाव कमी ऐकू येते, आणि झीलकऱ्यांची नावे तर कोणी विचारीतही नाही. ज्या कलेने सामान्य मजुराचा कैवार घेतला, तिच्यातीलच सामान्य गडी विस्मृतीत जावा, हे उचित नव्हे. आग्रा रस्त्यावरील आमच्या पडघ्यात काय किंवा आपल्या गावी काय, भजनात व शाहिरीत साथ केलेली वृद्ध माणसे असतील. त्यांच्याजवळ बसून साथीदारांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. गायनाचा खरा इतिहास पुष्कळदा मागच्या रांगेतच उभा असतो.