‘दीगा’ म्हणजे ‘बोला’

वहीचं एक फाडलेलं पान मी अजून जपून ठेवलं आहे. त्यावर देवनागरीत सात स्पॅनिश वाक्यं लिहिलेली आहेत. पान १९८३ च्या फेब्रुवारीतलं. मला स्पॅनिश तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. पण ती सात वाक्यं मी दोन दिवसांत अशी घोकली, की लहानपणी पाढेसुद्धा तसे घोकले नसतील.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. भर समुद्रात त्याचं अपेंडिक्स फुटलं आणि त्याला लास पाल्मासला उतरवलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांतलं हे बंदर स्पेनचं. कंपनीची तार आली : ऑपरेशन झालं आहे, खाली इस्पितळाचा फोन नंबर. बस्स. आईनं जेवण टाकलं. आम्ही परदेशी कॉल बुक केला. मुंबईची ऑपरेटर माद्रिदच्या ऑपरेटरशी इंग्रजीत बोलायची. पण पलीकडून फोन उचलला गेला, की पुढे तुमचं तुम्ही. तीन मिनिटांचे पैसे मात्र मोजायचेच, बोला किंवा नुसते उभे राहा.

धोबी तलावला गोवेकर खलाशांची ‘कुडं’ आहेत. गावागावांनी मुंबईत येणाऱ्या आपल्या माणसांसाठी चालवलेली ती बिऱ्हाडं. तिथे एक निवृत्त स्ट्युअर्ड राहत होते. उमेद मेक्सिकोच्या बंदरांत गेलेली. त्यांनी मला ही वाक्यं लिहून दिली. पहिला शब्द ‘बुएनो’. फोन उचलला की तिकडे असंच म्हणतात, म्हणाले.

ते खरंच होतं, पण मेक्सिकोपुरतं. बुएनो म्हणजे चांगलं. मेक्सिकोत सांगतात, की सुरुवातीच्या काळात लाइन धड लागली आहे की नाही हे ऑपरेटर विचारायची, ‘चांगलं?’, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ‘चांगलं’. खरं-खोटं कोण जाणे, पण तिथल्या टेलिफोनची कथा ऐकली की पटतं. तिथे दोन कंपन्या होत्या, एक स्वीडनच्या एरिक्सनची, दुसरी अमेरिकन आयटीटीची, आणि एकीच्या तारेवरून दुसरीच्या गिऱ्हाइकाला फोन लागत नसे. दुकानदार पाटीवर दोन-दोन नंबर छापत. १९४७ मध्ये ‘तेलमेक्स’ स्थापन झाली, तेव्हा कुठे हे दोन संसार एक होऊ लागले. अर्जेंटिनात फोनवर ‘ओला’ म्हणतात, पेरू-चिलीत ‘आलो’. आणि स्पेनमध्ये ‘दीगा’ किंवा ‘दीगामे’. दीगा म्हणजे आदरानं केलेली आज्ञा : बोला. आपणही फोन उचलून ‘हां, बोला’ म्हणतोच की! हे मला त्या वेळी माहीत असतं तर निम्मी भीती गेली असती.

स्पेनचा टेलिफोनही त्याच आयटीटीनं उभारला. १९२४ साली ‘तेलेफोनिका’ स्थापन झाली. १३ ऑक्टोबर १९२८ रोजी राजा आल्फोन्सो तेरावा अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांच्याशी फोनवर बोलला आणि स्पेनला अटलांटिकपार बोलता येऊ लागलं. माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्यावर कंपनीची उंच इमारत उभी राहिली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा फ्रँकोच्या तोफांनी तिच्यावर गोळे डागले. आत परदेशी वार्ताहर आपला मजकूर फोनवरून वाचत असत आणि शेजारी सेन्सॉर मंजूर प्रत घेऊन कान देऊन बसे. एखादं वाक्य वेगळं आलं की लाइन तोडायची. लेखक आर्तुरो बारेआ यांनी हे काम केलं होतं. फोनवर कुठल्या भाषेत बोलायचं हे तिथे ऐकणाऱ्याला काय कळतं त्यावर ठरे.

लांब पल्ल्याच्या कॉलला स्पेनमध्ये ‘कॉन्फेरेन्सिया’ म्हणत. आपल्याला वाटावं, परिषद भरली आहे! आपल्या ट्रंक कॉलसारखाच तो मागायचा आणि वाट पाहायची. पोलोपोस नावाच्या खेड्यातलं शेवटचं हातानं चालणारं एक्स्चेंज डिसेंबर १९८८ मध्ये बंद झालं, म्हणजे माझ्या कॉलनंतर जवळपास सहा वर्षांनी.

पहिल्या दिवशी शेजारच्या दवाखान्यातला फोन वाजला. मी ‘बुएनो’ म्हणालो. पलीकडून ‘दीगा’. गोंधळलो, पण दुसरं वाक्य रेटलं : अमुक पेशंटशी बोलायचंय. बाई म्हणाली, ‘एस्ता कोमुनिकांदो’. मी आईला खुणेनं सांगितलं, लागतोय, लागतोय! आणि उभा राहिलो. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. मी ‘ग्रासियास’ म्हणालो. तीन मिनिटं संपली. कोमुनिकांदोचा स्पेनमधला अर्थ ‘लाइन एंगेज आहे’ असा. मेक्सिकोत त्यालाच ‘ओकुपादो’ म्हणतात, आणि माझ्या कागदावर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या ऑपरेटर बाईंना दया आली. म्हणाल्या, नाव कळलं नाही तर शहरांनी सांगा. ही शहरांची यादीही माद्रिदचीच. १९३२ मध्ये तिथे भरलेल्या परिषदेत तार आणि रेडिओच्या संघटना एक करून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करायचं ठरलं, तेव्हाच्या नियमांत ही अक्षरमाला आहे. अ‍ॅमस्टरडॅम, बाल्टिमोर, कासाब्लांका... मध्येच ‘क’साठी किलोग्रॅम, आणि एक्ससाठी चक्क सॉक्रेटिसची बायको झांथिपी!

संध्याकाळी कॉल लागला. ‘दीगा.’ मी म्हणालो, सँटियागो, अ‍ॅमस्टरडॅम, वॉशिंग्टन, अ‍ॅमस्टरडॅम, न्यूयॉर्क, ट्रिपोली. आमचं कोकणातलं आडनाव असं जग फिरून गेलं. बाईंनी तिकडे ते जुळवलं आणि खोलीचा नंबर विचारला. तारेत ७७ होता. मी सेतेंताच्या जागी सेसेंता म्हणालो, म्हणजे ६७. आपलं एकोणसाठ आणि एकोणसत्तरचं होतं तसंच. मग एकेक आकडा सुटा सांगितला : सिएते, सिएते. त्या म्हणाल्या, ‘नो कुएल्गे’. हे मात्र कागदावर होतं : फोन ठेवू नका.

ठेवला नाही. आई पदर तोंडाशी धरून उभी. पलीकडे चपलांचा आवाज, कुणीतरी रिसीव्हर उचलला. खोल गेलेला पुरुषी आवाज म्हणाला, ‘दीगा’.

मी कागदावरचं दुसरं वाक्य वाचायला लागलो. उपग्रहावरून आवाज जाऊन यायला अर्धा सेकंद लागायचा, त्यामुळे माझं वाक्य जवळजवळ संपत आलं होतं, तेव्हा तिकडून हसू ऐकू आलं, आणि टाके दुखल्यासारखं ‘आई गं’. मग म्हणाला, “दादा, मीच आहे. कुणाला मागतोयस?”

मी रिसीव्हर आईकडे दिला.