दोन कॅथलिक उमेदवार, एक मतपत्रिका : सँटोरम आणि केसी यांच्या भूमिकांची तुलना

वसई-मुंबई परिसरातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांतील काही तेथील नागरिक झाले असून मतदानही करतात. दर दोन वर्षांनी तेथे काँग्रेसची निवडणूक होते आणि उमेदवारांच्या भूमिका शेजारी शेजारी मांडणारी पत्रके घरोघरी पोहोचतात. काँग्रेस हे तेथे पक्षाचे नाव नसून कायदेमंडळाचे नाव आहे. प्रतिनिधिगृह व सिनेट ही त्याची दोन सभागृहे होत. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात व त्यांची मुदत सहा वर्षांची असते. अशी तुलनापत्रके कशी वाचावीत हे समजण्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्यातील २००६ ची सिनेट निवडणूक आम्हांस विशेष उपयुक्त वाटते, कारण तेथे दोन्ही प्रमुख उमेदवार कॅथलिक होते आणि दोघेही स्वतःला गर्भस्थ जीवाचे रक्षणकर्ते म्हणवीत होते.

उमेदवारांची ओळख

रिक सँटोरम हे रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सिनेटर होते. १९९० साली प्रतिनिधिगृहात आणि १९९४ साली सिनेटमध्ये ते निवडून आले. २००१ पासून सिनेटमधील आपल्या पक्षाच्या नेतृत्वात त्यांचे महत्त्वाचे स्थान होते.

बॉब केसी हे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार. स्क्रँटन शहरात जन्मलेले केसी जेझुइट स्वयंसेवक दलात सेवा करून पुढे वकील झाले, राज्याचे महालेखापरीक्षक झाले व २००५ पासून राज्याचे खजिनदार होते. त्यांचे वडील, थोरले बॉब केसी, १९८७ ते १९९५ या काळात राज्यपाल होते. गर्भपातावर मर्यादा घालणाऱ्या त्यांच्या राज्याच्या कायद्यावरूनच १९९२ चा ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड विरुद्ध केसी’ हा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल आला. त्याच वर्षी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात थोरल्या केसींना भाषणाची संधी मिळाली नाही. गर्भपातविरोधामुळेच आपल्याला डावलले, अशी त्यांची भावना होती. चौदा वर्षांनी त्याच पक्षाने त्यांच्या पुत्राला सन्मानाने पुढे केले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जीवरक्षणाचा प्रश्न

गर्भपाताला दोघांचाही विरोध होता. गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द व्हावा, असे दोघांचेही मत होते. उशिराच्या गर्भपाताच्या एका विशिष्ट पद्धतीवर बंदी घालणारा २००३ चा कायदा संमत होण्यात सँटोरम यांचा मोठा वाटा होता. केसी त्या वेळी सिनेटमध्ये नव्हते. मात्र जानेवारी २००६ मध्ये न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या नियुक्तीस आपल्या पक्षातील बहुसंख्यांचा विरोध असताना त्यांनी पाठिंबा जाहीर केला.

मानवी भ्रूणांतील मूलपेशींच्या संशोधनासाठी केंद्राचा निधी वाढविण्यासही दोघांचा विरोध होता. फरक पडला तो ‘दुसऱ्या दिवशीच्या गोळी’विषयी आणि कुटुंबनियोजनाविषयी. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळावी, असे केसी म्हणत होते. सँटोरम यांना ते मान्य नव्हते.

विवाहसंस्था

विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे मीलन, हे त्या वेळी दोघांचेही मत होते. परंतु त्यासाठी देशाच्या घटनेत दुरुस्ती करावी, असा आग्रह सँटोरम यांचा होता. जून २००६ मध्ये ती दुरुस्ती सिनेटमध्ये अडली. केसी यांचा घटनादुरुस्तीला विरोध होता व समलिंगी जोडप्यांना ‘नागरी संयोग’ म्हणून कायदेशीर मान्यता देण्यास त्यांची संमती होती.

युद्ध

ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याची मुभा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने सँटोरम यांनी मत दिले व पुढेही युद्धाचे ठाम समर्थन केले. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांचा त्या युद्धाला विरोध होता. मार्च २००३ मध्ये त्यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे दूत म्हणून पाठविले होते. केसी यांनी सरकारच्या युद्धसंचालनावर कठोर टीका केली, परंतु सैन्य परत आणण्याची तारीख ठरवून द्यावी, ही मागणी त्यांनी प्रचारात केली नाही. युद्धविरोधी मतदाराला २००६ च्या मतपत्रिकेवर स्पष्ट उत्तर सापडत नव्हते.

मजुरी, कर आणि निवृत्तिवेतन

किमान वेतन १९९७ पासून ताशी ५.१५ डॉलरवर अडकले होते. ते ७.२५ डॉलर करावे, अशी डेमोक्रॅटिक पक्षाची व केसींची मागणी होती. सँटोरम यांनी २००५ साली १.१० डॉलरची वाढ सुचविली व तिच्यासोबत लहान उद्योगांना सवलती जोडल्या. २००१ व २००३ च्या करकपातीचे सँटोरम समर्थक होते. अतिश्रीमंतांना मिळालेली कपात मागे घ्यावी, असे केसी म्हणत. निवृत्तांच्या सामाजिक सुरक्षा योजनेतील काही रक्कम व्यक्तिगत खात्यांत गुंतविण्याच्या बुश यांच्या २००५ मधील योजनेला सँटोरम यांनी उचलून धरले. केसी यांनी तिला विरोध केला. त्याचबरोबर, आफ्रिकेतील एड्सग्रस्तांसाठी मोठा निधी देण्याच्या कामी सँटोरम यांनी पुढाकार घेतला होता. गरिबांचा विचार एकाच पक्षाकडे असतो, असे म्हणणे म्हणूनच न्यायाचे ठरत नाही.

स्थलांतरित

डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधिगृहाने बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध कडक विधेयक संमत केले. अशा लोकांना मदत करणेही गुन्हा ठरेल, या भीतीने लॉस एंजेलिसचे कार्डिनल रॉजर महोनी यांनी उघड विरोध केला. मे २००६ मध्ये सिनेटने नागरिकत्वाचा मार्ग खुला करणारे वेगळे विधेयक ६२ विरुद्ध ३६ मतांनी संमत केले. सँटोरम यांनी विरोधात मत दिले. केसी यांचा कल त्या विधेयकाच्या बाजूने होता. अखेर दोन्ही सभागृहांत मेळ न बसल्याने यांपैकी कोणताच कायदा झाला नाही.

पत्रके काय दाखवीत, काय झाकीत

त्या काळात कॅथलिकांसाठी निरनिराळी मार्गदर्शक पत्रके निघत होती. ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने २००४ मध्ये पाच ‘तडजोड न होणारे’ मुद्दे मांडले होते : गर्भपात, दयामरण, भ्रूणांवरील संशोधन, मानवी क्लोनिंग आणि समलिंगी विवाह. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक हिताच्या नावाने गरिबी, युद्ध, स्थलांतर यांवर भर देणारी पत्रके २००६ मध्ये निघाली. गंमत अशी की, पहिल्या मोजपट्टीवर सँटोरम व केसी यांच्यात फारच थोडे अंतर पडत होते. दुसऱ्या मोजपट्टीवर ते मोठे दिसत होते. म्हणजे मुद्द्यांची निवड करणाराच तुलनेचा अर्धा निकाल लावून टाकतो.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण उपयोगी पडते. कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील महागुरुस्वामींना पाठविलेल्या टिपणात स्पष्ट केले होते की सर्व नैतिक प्रश्नांचे वजन सारखे नसते. युद्ध किंवा देहदंड यांविषयी श्रद्धावंतांमध्ये प्रामाणिक मतभेद असू शकतात, गर्भपात व दयामरण यांविषयी तसे नाही. त्याच टिपणात असेही म्हटले होते की उमेदवाराच्या गर्भपातसमर्थनासाठीच त्याला मत देणे हे पापकर्मातील सहभाग ठरते, पण ती भूमिका मान्य नसताना अन्य कारणांसाठी मत दिले, तर ती कारणे तितकीच वजनदार असली पाहिजेत. अमेरिकन बिशप परिषदेने २००७ मध्ये सद्सद्विवेकबुद्धी घडविण्यावर भर देणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यामागेही हाच विचार आहे. तत्त्व एक असते, ते अमलात आणण्याचे मार्ग अनेक असू शकतात. किमान वेतन किती असावे, हे धर्मशिक्षणग्रंथात सापडणार नाही. श्रमिकाला कुटुंब पोसता येईल इतकी मजुरी मिळावी, हे मात्र १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा सांगत आली आहे.

धर्मगुरूंनी व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घेऊ नये, याला दोन कारणे आहेत. ख्रिस्तसभेचा कायदा धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतो. अमेरिकेच्या करकायद्यातही करमुक्त धार्मिक संस्थांनी कोणाचा प्रचार करू नये, अशी अट १९५४ पासून आहे. म्हणून तुलना मांडावी, निवाडा मतदारावर सोडावा, हीच तेथील धर्मप्रांतांची रीत राहिली आहे.

निकाल आणि पुढील वीस वर्षे

७ नोव्हेंबर २००६ रोजी केसी सुमारे ५८.६ टक्के मते मिळवून विजयी झाले. सँटोरम यांना सुमारे ४१.३ टक्के मते मिळाली. या व अशाच इतर विजयांमुळे सिनेटचे बहुमत डेमोक्रॅटिक गटाकडे गेले. मत एका व्यक्तीला दिले तरी समित्यांचे अध्यक्षपद व न्यायाधीशांच्या नियुक्तीवरील नियंत्रण पक्षाकडे जाते, ही बाब तुलनापत्रकात सहसा येत नाही.

आरंभी केसी आपल्या शब्दाला जागले. एप्रिल २००७ मध्ये भ्रूणसंशोधनाच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या अगदी मोजक्या डेमोक्रॅटिक सिनेटरांत ते होते. त्याच वर्षी किमान वेतन वाढविणारा कायदा झाला आणि जुलै २००९ मध्ये ते ७.२५ डॉलरवर पोहोचले. पुढे मात्र त्यांच्या भूमिका बदलत गेल्या. २०१३ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. २०१८ मध्ये वीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरील बंदीच्या बाजूने मत देणारे केसी २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क राष्ट्रीय कायद्याने सुरक्षित करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ आणि ‘केसी’ हे दोन्ही निकाल रद्द केले. तो बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते अलिटो, ज्यांच्या नियुक्तीला २००६ मध्ये केसींनीच पाठिंबा दिला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केसी यांचा अल्प मतांनी पराभव झाला.

वाचकांसाठी सार

उमेदवारांची तुलना वाचताना पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत, असे आम्ही सुचवितो. मुद्दे कोणी निवडले व कोणते गाळले? मतभेद तत्त्वाचा आहे की उपायाचा? उमेदवाराने नुसते वचन दिले आहे की पूर्वी तसे मतदानही केले आहे? त्याचा पक्ष त्याला त्या भूमिकेवर टिकू देईल काय? आणि दोघांपैकी कोणीच ज्याचे नाव घेत नाही, असा एखादा दुर्बल घटक राहून गेला आहे काय?

केसी यांचा प्रवास पाहिला की एक गोष्ट पटते. तुलनापत्रक हे त्या दिवसाचे छायाचित्र असते, माणसाच्या पुढील वाटचालीची हमी नसते. म्हणून मतदाराचे कर्तव्य मतपेटीपाशी संपत नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधीला पत्र लिहिणे, त्याच्या मतदानाची नोंद पाहणे आणि गरज पडेल तेव्हा त्याला जाब विचारणे, हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे. हे पेनसिल्व्हेनियात जितके खरे, तितकेच आपल्या पालघर-वसईतही खरे आहे.