परदेशी खेळाडू, क्लब फुटबॉलमधील

परदेशी खेळाडू : ज्या देशाच्या साखळी स्पर्धेत क्लब खेळतो त्या देशाचे नागरिकत्व नसलेला, परंतु करारनाम्यान्वये त्या क्लबाच्या चाकरीत असलेला खेळाडू. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत नागरिकत्वाची अट अनुल्लंघनीय असली, तरी क्लबांच्या बाबतीत ती त्या त्या देशाच्या संघटनेने आपल्या पराभवांच्या आणि तिजोरीच्या मानाने कधी आवळली, कधी सैल सोडली. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियासारख्या नवख्या संघाकडून एका गोलाने हरून इटली परतली, तेव्हा त्या अपयशाचे खापर परकीयांवर फोडून तेथील संघटनेने नव्या परदेशी खेळाडूंना दरवाजे बंद केले, ते १९८० पर्यंत उघडले नाहीत. पुढे दोनच वर्षांनी इटलीने विश्वचषक जिंकला. बंदीच्या पुरस्कर्त्यांना हा दाखला मोठा सोयीचा आहे.

युरोपातील विद्यमान व्यवस्था मात्र एका बेल्जियन खेळाडूच्या फिर्यादीतून उद्भवली. झाँ-मार्क बॉसमन याचा लिएज क्लबाशी असलेला करार १९९० मध्ये संपला. त्यास फ्रान्समधील डंकर्क क्लबाकडे जावयाचे होते, परंतु मुदत सरूनही लिएजने मोबदला मागितला व त्याची वाट अडवली. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निवाड्यात, करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय महासंघातील अन्य देशात विनामोबदला जाण्याची मुभा असावी, आणि महासंघाच्या नागरिकांस कामगार म्हणून असलेला संचाराचा हक्क फुटबॉलपटूंनाही लागू असल्यामुळे त्यांच्या संख्येवरील मर्यादा बेकायदेशीर आहे, अशी दोन तत्त्वे घालून दिली. निवाड्याची पहिली झळ श्रीमंत क्लबांना नव्हे, तर खेळाडू घडविणाऱ्यांना लागली. ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सने त्याच वर्षी मे महिन्यात मिलानला हरवून युरोपचे विजेतेपद मिळविले होते. १९९६ मध्ये डेव्हिड्स आणि १९९७ मध्ये क्लुइव्हर्ट हे आयाक्सचे दोन मोहरे त्याच मिलानकडे गेले आणि त्यांना लहानाचे मोठे करणाऱ्या क्लबाच्या पदरात कवडीही पडली नाही.

इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९९९ रोजी चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध एकही ब्रिटिश खेळाडू नसलेला संघ मैदानात उतरविला तेव्हा मोठा गहजब झाला. २०१०–११ पासून तेथे पंचवीस जणांच्या पथकात आठ खेळाडू ‘घरचे’ असावे लागतात. परंतु घरचा म्हणजे स्वदेशी नव्हे, तर कोवळ्या वयात तीन वर्षे तेथील क्लबांत वाढलेला, त्यामुळे आर्सेनलमध्ये वाढलेला स्पेनचा फाब्रेगासही घरचाच ठरला. आणि तरीही याच इंग्लंडचा राष्ट्रीय संघ पुढे लागोपाठ दोन युरोपीय अजिंक्यपदांच्या अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचला. परकीयांच्या नुसत्या संख्येने देशाचा खेळ बुडतो, हे म्हणणे यावरून टिकत नाही.

भारतात परदेशी येण्यापूर्वी परप्रांतीय आले. १९४९ ते १९५३ या काळात कलकत्त्याच्या ईस्ट बंगालची आघाडीची फळी ज्या ‘पंचपांडवां’नी गाजविली, ते सालेह, अप्पाराव, वेंकटेश, धनराज आणि अहमद खान हे पाचही दक्षिणेचे होते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात मोडत होता, त्याची गत आयाक्ससारखीच झाली. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत घडलेल्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मराठवाडा मुंबई राज्यात दाखल झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात याच रहीमसाहेबांचा भारतीय संघ मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामना खेळत होता. त्या संघातील तुळसीदास बलराम १९५७ मध्ये ईस्ट बंगालकडे गेला, आणि अशा एकेका प्रस्थानाने हैदराबादचे वैभव ओसरत गेले. मराठवाड्याच्या वाट्याला त्या वैभवाचा वारसा आलाच नाही. राष्ट्रीय साखळीत या मुलखाचा संघ आजवर उतरलेला नाही.

खरे परदेशी १९८० च्या सुमारास ठळकपणे दिसू लागले. मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे अलीगढ विद्यापीठात शिकणारे दोन इराणी तरुण ईस्ट बंगालकडून खेळले. १९८५ मध्ये नायजेरियाचा चिमा ओकोरी मोहामेडनकडे आला. १९९६ मध्ये राष्ट्रीय साखळी सुरू झाल्यावर या प्रवाहाचा ओघ गोव्याकडे वळला. खाण व जहाज व्यवसायातील घराण्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या गोव्याच्या क्लबांत धेंपो अग्रगण्य होता. आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकाने त्यास पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. त्याच्या संघरचनेकडे बारकाईने पाहिले, तर या नोंदीचे मर्म हाती लागते. बचावात महेश गवळी व समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स व क्लिफर्ड मिरांडा, सारे गोव्याचे आणि सारे भारताकडून खेळलेले. गोल करण्याचे काम मात्र नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सकडे, ज्याने २०११–१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले. गावगाड्यात उपऱ्याला कौल मिळे तो पडीत जमिनीचा; येथे गावची बागायतच त्याच्या स्वाधीन झाली. यात त्या उपऱ्यांचा दोष काही नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले, आणि दुसरा गोल होताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर तो कोसळला तो पुन्हा उठला नाही. धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुढे कोणासही दिला नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा अंमल सुरू झाला तेव्हा अकरांत किमान पाच भारतीय असावेत एवढीच अट होती. मुंबईत आनेल्का, पुण्यात त्रेझेगे, गोव्यात पिरेस असे कारकिर्दीच्या उतरणीवरचे नामवंत आणून प्रेक्षक जमविण्यात आले; ते जमलेही. दोनच वर्षांत धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या क्लबांनी आय-लीग या जुन्या राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. पुढे भारतीयांची किमान संख्या २०१७–१८ मध्ये सहा आणि २०२१–२२ मध्ये सात करण्यात आली, परंतु नियमाने डोकी मोजली, जागा मोजल्या नाहीत. चार परदेशीयांची मुभा असलेला प्रशिक्षक त्यांतील एक तरी गोलमुखासमोर ठेवणारच, कारण त्याची स्वतःची नोकरीही मोसमाच्या निकालावर टांगलेली असते. परिणामी पहिल्या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयास मिळाला नाही. भारतीय गोल करीतच नाहीत असे नव्हे; १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीचा निर्णायक गोल बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला केला; पण तो बगलेवरून खेळणारा. मधल्या आघाडीची जागा देशाकडून सुनील छेत्री दीर्घकाळ सांभाळीत होता. जून २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली, आणि त्याच्या जागी कोणी न सापडल्याने मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यास परत बोलवावे लागले. परतल्यावर मालदीवविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.