बालकांमधील रोगवृद्धीविरहित एच.आय.व्ही. संसर्ग

जन्मतः एच.आय.व्ही. (मानवी प्रतिकारशक्तीऱ्हास विषाणू) संसर्ग झालेली काही मोजकी बालके विषाणूरोधक औषधांवाचूनही अनेक वर्षे निरोगी राहतात. त्यांच्या रक्तातील सीडी४ पेशींची संख्या वयाच्या मानाने सामान्य असते व एड्सची लक्षणे दिसत नाहीत. या स्थितीस बालकांमधील रोगवृद्धीविरहित संसर्ग असे म्हणता येते. अशा बालकांचे प्रमाण संसर्गित बालकांत सुमारे ५ ते १० टक्के असल्याचा अंदाज आहे.

== नैसर्गिक वाटचाल ==
मातेकडून बालकास संसर्ग गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी अथवा स्तनपानातून होतो. प्रतिबंधक उपाय न केल्यास त्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. बालकांत हा आजार प्रौढांपेक्षा वेगाने वाढतो. उपचार न मिळाल्यास जवळजवळ निम्मी संसर्गित बालके वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच दगावतात. या पार्श्वभूमीवर पाच वर्षांनंतरही औषधाविना निरोगी राहिलेली बालके संशोधकांच्या कुतूहलाचा विषय ठरली.

== कारणमीमांसा ==
या विषयावरील महत्त्वाचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील फिलिप गोल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील १७० बालकांचा अभ्यास केला. ही बालके पाच वर्षांहून मोठी होती व त्यांना विषाणूरोधक औषधे मिळालेली नव्हती. त्यांच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण कमी नव्हते. ते प्रति मिलीलिटर हजारोंच्या घरात होते. तरीही त्यांची प्रतिकारयंत्रणा अतिउत्तेजित झालेली नव्हती.

एड्समधील हानी केवळ विषाणूमुळे होत नाही. विषाणूशी अखंड झुंजताना प्रतिकारयंत्रणा सतत चेतवलेल्या अवस्थेत राहते आणि तिची शक्ती झिजते. या बालकांत ही झीज टळते. शिवाय ज्या सीसीआर५ नामक ग्राहीच्या आधारे विषाणू पेशीत शिरतो, तो त्यांच्या दीर्घायुषी स्मृतिपेशींवर कमी प्रमाणात आढळला. त्यामुळे विषाणूचा वास अल्पायुषी पेशींत अधिक असतो आणि प्रतिकारयंत्रणेचा पाया शाबूत राहतो.

पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबे जातीच्या माकडांतही असाच समतोल दिसतो. त्यांच्या रक्तात एस.आय.व्ही. या सजातीय विषाणूचे प्रमाण भरपूर असते, पण ती बहुधा आजारी पडत नाहीत. आशियातील ऱ्हिसस माकडांना मात्र त्याच गटातील विषाणूमुळे एड्ससदृश रोग होतो.

== प्रौढांशी तुलना ==
औषधाविना निरोगी राहणारे प्रौढ संख्येने अत्यल्प असून त्यांच्यातील यंत्रणा वेगळी असते. त्यांपैकी अनेकांची प्रतिकारयंत्रणा विषाणूवर जोरदार हल्ला करून त्याची संख्या दाबून ठेवते. एचएलए-बी५७ सारखी जनुकीय रूपे त्यास साहाय्यभूत होतात. बालकांत अशा जनुकांचे संरक्षण तितके आढळत नाही. त्यांच्या बाबतीत विषाणूचा पराभव होत नाही. त्याच्यासह हानीविना जगणे साधते.

== उपचारांची आवश्यकता ==
ही स्थिती म्हणजे रोगमुक्ती नव्हे. विषाणू शरीरात राहतो, संक्रमित होऊ शकतो आणि पौगंडावस्थेत काहींचा समतोल ढळतो. कोणते बालक निरोगी राहील, हे बाल्यावस्थेत ओळखता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील चेर चाचणीत (२००८) अर्भकावस्थेत तत्काळ औषधे सुरू केल्याने मृत्यूचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सर्व संसर्गितांवर उपचारांची शिफारस केली आणि भारताने २०१७ मध्ये ते धोरण स्वीकारले. मातेची प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयाआधीचे निदान विषाणूची जनुकीय तपासणी करून केले जाते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
पुणे येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. भारतात शासकीय केंद्रांतून मोफत विषाणूरोधक उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. बालकांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. लातूर जिल्ह्यातील हासेगाव (ता. औसा) येथे रवी बापटले यांचे 'सेवालय', बीड जिल्ह्यातील पाली येथील 'इन्फंट इंडिया' आणि पंढरपूरची 'पालवी' या संस्था संसर्गित बालकांचा सांभाळ करतात. अशा संस्थांतील मुले शाळा, खेळ व शिक्षणात रमलेली दिसतात, ते प्रामुख्याने नियमित औषध, सकस आहार व देखरेख यांचे फळ आहे. त्यास रोगवृद्धीविरहित संसर्गाचे उदाहरण समजणे योग्य नाही. माहूर, किनवट यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूरच्या डोंगराळ तालुक्यांत औषधासाठीचा प्रवास व बुडणारी मजुरी यांमुळे उपचारांत खंड पडण्याचा धोका असतो. मूल धडधाकट दिसते म्हणून औषध थांबवल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे औषधरोधही निर्माण होऊ शकतो.

एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शिक्षण, रोजगार व आरोग्यसेवा यांत संसर्गितांशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे.

== संशोधनाचे महत्त्व ==
सध्याची औषधे विषाणूची वाढ रोखतात, पण त्याचा समूळ नाश करीत नाहीत. म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात. औषधे घेणाऱ्यांतही प्रतिकारयंत्रणेची अतिउत्तेजना काही अंशी टिकून राहू शकते. ती शमवण्याचे मार्ग या बालकांच्या अभ्यासातून सापडतील, अशी संशोधकांची अपेक्षा आहे.